उताऱ्याच्या बाहेर

विष्णुपंतांच्या ओट्यावर बसून गहिनीनाथनं त्या उन्हाळ्यात इंग्रजीतली जेवढी सुखी माणसं वाचली, तेवढी त्याला उभ्या पारनेर तालुक्यात भेटली नव्हती. एक कोळी सुखी होता, कारण त्याची होडी लहान होती. एका राजाचा माळी सुखी होता, कारण त्याला राजासारखी काळजी नव्हती. बर्फातून पत्रं वाटत हिंडणारा एक पोस्टमन तर इतका सुखी होता, की बोटं गारठून काळी पडली तरी शीळ घालत होता. प्रत्येक उताऱ्याखाली प्रश्न असत आणि त्यातला एक तरी हटकून हाच असे, की हा माणूस सुखी का होता. गहिनीनाथला या सगळ्या मंडळींचा वीट आला होता. पण त्यांच्यावाचून त्याची सुटका नव्हती.

साल होतं त्र्याहत्तर. लागोपाठ पाऊस हुकला होता. विहिरींचे तळ दिसायला लागून आता त्या तळांतही भेगा पडल्या होत्या. गहिनीनाथचा बाप कोपरगावकडे कुणाच्या तरी उसावर कामाला गेला होता आणि गावात राहिलेली सगळी माणसं माळावरच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होती. गहिनीनाथही होता. अकरावी पास झालेला, वर्गात पहिला आलेला अठरा वर्षांचा पोरगा दिवसभर मुरूम खणायचा आणि त्याची आई राहीबाई पाटीनं तो वाहून बांधावर टाकायची. उत्तरेकडच्या एका मोठ्या शेतकी विद्यापीठाची जाहिरात शाळेच्या फळ्यावर लागली होती. प्रवेश परीक्षेत वर आलेल्या पोराचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं विद्यापीठाकडे. परीक्षा मे महिन्यात पुण्याला होती. गणित आणि विज्ञान यांची त्याला भीती नव्हती. भीती होती ती इंग्रजीची. कधीही न वाचलेला उतारा समोर येणार आणि तो आपला आपण वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. गहिनीनाथनं सहा वर्षं इंग्रजी शिकून एकही असं वाक्य वाचलं नव्हतं, ज्याचा अर्थ सरांनी आधी मराठीत सांगितलेला नव्हता.

हे जमलं तर तो या माळावरून सुटणार होता. नाही जमलं तर खोरं होतंच.

विष्णुपंत हायस्कुलाचे हेडमास्तर. पंचक्रोशीत इंग्रजी कळणारा तेवढा एकच माणूस. ते त्याला फुकट शिकवत, हे कबूल करायला हवं. बदल्यात गहिनीनाथ त्यांच्या घरी टँकरवरच्या रांगेतून दोन घागरी पाणी आणून टाकी. पण त्या ओट्यावर बसणं म्हणजे शिक्षा होती. पंतांना तपकिरीचं व्यसन होतं. चिमूट ओढली, की ते शिंकत आणि शिंक बरोबर पुस्तकावर पडे. पुस्तकाला ना पुढचा पुठ्ठा होता ना मागचा, आणि त्यातली निम्मी पानं तपकिरी शेंबडानं एकमेकांना चिकटलेली होती. नवा उतारा काढायचा म्हणजे गहिनीनाथला नखानं पान सोडवावं लागे. सुखी कोळी आणि सुखी माळी यांच्यामध्ये तो वाळलेला पापुद्रा खरवडताना तो तोंड दुसरीकडे फिरवी. पंतांना त्याचं काहीच वाटत नसे. ते धोतराच्या सोग्याला नाक पुसत आणि पुढचा प्रश्न विचारत.

सुरुवातीला गहिनीनाथ शब्द न् शब्द जोडून वाचायचा. अडला की पंतांचा जुना शब्दकोश उघडायचा. असं करत करत त्याला खरोखरच वाचता यायला लागलं. एके दिवशी मात्र एक उतारा आला तो आपल्याकडच्याच एका खेड्याचा. कुणी साहेब घोड्यावर बसून खेड्यातून गेला होता आणि त्यानं लिहिलं होतं, की हे लोक गरीब आहेत पण समाधानी आहेत, त्यांच्या गरजा थोड्या आहेत आणि संध्याकाळी ते झाडाखाली बसून गाणी म्हणतात. खाली प्रश्न होता, की खेड्यातले लोक समाधानी का आहेत. गहिनीनाथनं ते दोनदा वाचलं. सबंध दिवस मुरूम खणून त्याचे तळहात सोलवटले होते. कागद महाग म्हणून पंत पाटीवर लिहायला लावत, म्हणून त्यानं पाटी मांडीवर घेतली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की खेड्यातले लोक समाधानी नाहीत. साहेब घोड्यावरून उतरला नाही. त्यानं कुणाला विचारलं नाही.

पंतांनी पाटी हातात घेतली, वाचली आणि ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकलं. रागावले नाहीत. ते क्वचितच रागावत. फक्त म्हणाले,

"गहिनी, तुला काय ठाऊक आहे हे परीक्षकानं विचारलेलं नाही. उताऱ्यात काय आहे ते विचारलंय. उताऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंस की मार्क गेले."

मग त्यांनी त्याला युक्ती शिकवली. चाळीस वर्षं ते पोरांना हीच युक्ती शिकवत आले होते आणि तिच्या जोरावर गावातली कितीतरी पोरं मॅट्रिक झाली होती. उतारा समजून घेण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा. तो शब्द घेऊन उताऱ्यात हिंडायचं आणि जिथं तो सापडेल ते वाक्य उचलायचं. वाक्य सापडलंच नाही, तर प्रश्नच उलटा करून लिहायचा. पोस्टमन सुखी होता का? होय, पोस्टमन सुखी होता. कोळ्याला मासे मिळाले का? होय, कोळ्याला मासे मिळाले. शंभरातल्या नव्वद प्रश्नांना होकारच चालतो, असं पंतांचं म्हणणं होतं. पुस्तकं लिहिणारे लोक नकारासाठी प्रश्न काढत नाहीत.

गहिनीनाथला हे किळसवाणं वाटलं. वाचायला शिकायचं म्हणून आपण इथं येतो आणि हा माणूस न वाचता सुटायचं कसं ते शिकवतो. पण पुढच्या उताऱ्याला त्यानं ती युक्ती लावून पाहिली आणि सगळी उत्तरं बरोबर आली. त्याच्या पुढच्यालाही आली. मग त्याला चटकच लागली. मुरमाची पाटी भरताना तो मनातल्या मनात प्रश्न उलटे करायचा. चैत्र लागेपर्यंत त्याचा हात असा काही बसला, की एकदा त्यानं उतारा तळहातानं झाकला, नुसते प्रश्न वाचले आणि उत्तरं लिहून टाकली. पंतांनी तपासली. एक सोडून सगळी बरोबर. पंतांनी त्याची पाठ थोपटली आणि पोरगा आता कुठंही मागे पडायचा नाही, असं घरात पत्नीला ओरडून सांगितलं. गहिनीनाथही हसला. घरी जाताना वाटेत त्याला आठवलं, की आपण आज ज्या माणसाबद्दल पाच उत्तरं लिहिली, तो माणूस कोण होता हे आपल्याला ठाऊकच नाही. त्यानं थुंकावं तसं हे मनातून थुंकून टाकलं आणि घरी गेला.

घरी दुसरीच किळस वाट बघत होती. सरकारनं बाहेरून मागवलेली लाल मिलो ज्वारी तेव्हा रेशनवर मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची, भाजताना करपायची आणि खाताना घशात अडकायची. त्यावर उतारा म्हणून कामावरच्या माणसांना सुकडी वाटायची, असं ठरलेलं होतं. सुकडी म्हणजे गहू, डाळ भाजून, गूळ घालून केलेलं पीठ. परदेशातली एक संस्था त्यासाठी पैसा आणि धान्य धाडत होती. पोती येत ती काकासाहेबांच्या खळ्यावर उतरत. काकासाहेब गावचे पुढारी, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि भावकीतले म्हणून गहिनीनाथचे चुलते. खळ्यावर उतरलेल्या पोत्यांतलं कामावर किती येई हे देवाला माहीत. जे येई ते पोत्याच्या तळाचं असे, जाळी धरलेलं, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत. बाया ते उन्हात पसरून अळ्या वेचत आणि खात. गेले तीन आठवडे तेही आलं नव्हतं. त्याच दिवसांत एकदा राहीबाई शेण आणायला खळ्यावर गेली होती. तिनं काकासाहेबांच्या म्हशींच्या घमेल्यात सुकडी कालवलेली पाहिली. म्हशी चांगल्या तकतकीत होत्या. तिनं हे गहिनीनाथला सांगितलं तेव्हा तिचा आवाजही चढला नाही. सांगून झाल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली आणि तिनं त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही.

एप्रिलच्या अखेरीला दवंडी झाली, की त्या परदेशी संस्थेची माणसं काम बघायला येणार. गाव असं काही धावपळीला लागलं, की लग्नघरही मागं पडावं. काकासाहेबांनी बांधावर निशाणं लावली. नवी, तोंड शिवलेली पोती आणून कामाच्या तोंडाशी रचली. पाहुणे यायच्या सकाळी तर कहर झाला. पिण्याच्या पाण्याचा टँकर आला, बाया घागरी घेऊन धावल्या आणि काकासाहेबांच्या माणसांनी त्या टँकरची तोटी उघडून सगळं पाणी रस्त्यावर मारलं. पाहुण्यांच्या मोटारीमागं धुरळा उडायला नको म्हणून. बाया घागरी कडेवर घेऊन बघत राहिल्या. मातीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. गहिनीनाथला त्या घटकेला सगळ्यांची शिसारी आली. पाणी मारणाऱ्यांची आली आणि बघत उभ्या राहिलेल्यांचीही आली, आणि बघत उभ्या राहिलेल्यांत तोही होता.

आदल्या संध्याकाळीच राहीबाईनं त्याला गाठलं होतं. पाहुण्यांबरोबर मराठी जाणणारं कुणी नव्हतं, तेव्हा दुभाषी म्हणून विष्णुपंतांनाच उभं करायचं ठरलं होतं. पंत पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. त्यांना एका वर्षाची मुदतवाढ हवी होती आणि ती कमिटीच्या, म्हणजे काकासाहेबांच्या हातात होती. हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

"पंत न्हाई सांगायचे," राहीबाई म्हणाली. "म्या बोलनार हाय. पर माझं बोलनं त्यांच्यापातूर पोचायला तूच पायजे, गैन्या. एवढी इंग्रजी शिकलास. एक वाक्य सांग त्यांना. खायाला येत न्हाई, म्हशीला जातं. एवढंच."

गहिनीनाथनं मान हलवली. मग तो घरामागं गेला आणि तिथं उभ्या उभ्या त्यानं ते वाक्य जुळवलं. अवघड नव्हतंच. आमच्यापर्यंत अन्न येत नाही. ते जनावरांना घालतात. त्यानं ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. चूक नव्हती. पंतांनीही चूक काढली नसती. पण हे वाक्य बोललं तर पुढं काय, हेही त्याला दिसत होतं. विद्यापीठाच्या अर्जावर हेडमास्तरांची शिफारस लागत होती आणि पंतांनी ती अजून दिली नव्हती. परीक्षेला निघायच्या आधी देतो म्हणाले होते. काकासाहेबांनी डोळे वटारले तर पंत देणार नाहीत. पंत वाईट नव्हते, भित्रे होते, आणि भित्र्या माणसाकडून काय मिळतं हे गहिनीनाथला चांगलं कळत होतं. तरी सकाळपर्यंत त्याचा निश्चय होता. बोलायचं.

मोटार आली. तिच्यातून एक उंच, वयस्क गोरी बाई उतरली आणि तिच्यामागून एक टकला माणूस. बाईच्या डोक्यावर गवताची टोपी होती आणि उन्हानं तिचं नाक सोलून निघालं होतं. चेहऱ्यावरून ती भली वाटत होती. काकासाहेबांनी हार घातले. पोत्यांची तोंडं उसवून सगळ्यांच्या देखत सुकडी वाटली गेली, ताजी, पिवळीधमक. बाया पदर पसरून ती घेत होत्या आणि टकला माणूस फोटो काढत होता. पंत कोट घालून आले होते. त्यांनी पाहुण्यांपुढं गहिनीनाथला उभं केलं आणि हा माझा सर्वांत हुशार विद्यार्थी, विद्यापीठाच्या परीक्षेला बसतोय, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो अभिमान खोटा नव्हता, आणि त्यामुळंच गहिनीनाथला ते जास्त जड गेलं.

बाई रांगेतून चालत आली आणि नेमकी राहीबाईपुढं थांबली. तिनं विचारलं, पंतांनी मराठीत विचारलं, की कसं काय चाललंय. राहीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती बोलायला लागली. सगळं बोलली. तीन आठवडे काही आलं नाही, त्याआधी आलं ते अळ्यांचं होतं, आजची पोती आजच्या फोटोपुरती आहेत, बाकीचं खळ्यावर म्हशी खातात. न थांबता, न रडता, एका दमात बोलली. आजूबाजूच्या बाया खाली बघत होत्या. काकासाहेब हसत होते, कारण फोटोवाला त्यांच्याकडे बघत होता.

पंतांनी नाकाला सोगा लावला. मग त्यांनी बाईंना इंग्रजीत सांगितलं, की ही स्त्री आपली फार आभारी आहे.

गहिनीनाथ त्यांच्यामागं हातभरावर उभा होता. त्याला शब्द न् शब्द कळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, कुणी आधी मराठीत न सांगता, जिवंत माणसाच्या तोंडचं इंग्रजी त्याला स्वच्छ कळलं होतं आणि ते हे होतं.

बाई खुळी नव्हती. एवढं मोठं बोलणं आणि एवढंसं भाषांतर, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं राहीबाईकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं आणि मग ती गहिनीनाथकडे वळली. त्याला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करून तिनं विचारलं,

"आर द पीपल गेटिंग द फूड एव्हरी डे?"

उन्हाळाभरात त्याला विचारलेल्या प्रश्नांत याच्याइतका सोपा प्रश्न दुसरा नव्हता. त्यानं तोंड उघडलं. घरामागं जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि तोंडातून निघालं ते हे,

"येस मॅडम. द पीपल आर गेटिंग द फूड एव्हरी डे."

एकही चूक नव्हती. प्रश्न जसाच्या तसा उलटा केला होता, पुढं होकार लावला होता. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. हातात खोरं असतं तर त्यानं ते स्वतःच्या तोंडावर मारलं असतं. पंतांनी वळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पण बाई तिथून हलली नाही. तिनं टोपी मागं सारली आणि आणखी हळू आवाजात विचारलं, की तुला मला आणखी काही सांगायचंय का.

या प्रश्नात उलटं करायला काही नव्हतं. धरायला मोठा शब्द नव्हता आणि उचलायला वाक्य नव्हतं. तिच्या डोळ्यांत नुसतं वाट बघणं होतं. राहीबाई पदर धरून लेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकाला विचारतायत एवढं कळत होतं, आणि तिचा चेहरा उजळला होता. काकासाहेबही बघत होते. आता ते हसत नव्हते. नंतर गहिनीनाथनं स्वतःला पुष्कळ समजावलं, की पहिलं उत्तर सवयीनं निघालं. ते खरंही होतं. पण दुसऱ्या प्रश्नाची त्याला कसलीच सवय नव्हती.

"नो, मॅडम," तो म्हणाला.

बाईनं त्याचे इंग्रजी उच्चार फार चांगले आहेत असं सांगितलं, परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या आणि ती पुढं गेली. मोटार गेली तेव्हा रस्ता केव्हाच वाळला होता आणि उडायचा तो धुरळा उडालाच. पंतांनी त्याच दिवशी शाळेत नेऊन त्याच्या अर्जावर शिफारस लिहिली. सुवाच्य अक्षरात, दोन ओळी जास्तच. सही करताना त्यांनी गहिनीनाथकडे पाहिलं नाही. शाई वाळेपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले. मग पंत पुटपुटले, की माणसाला कधीकधी असं करावं लागतं. म्हातारा आपल्याला त्याच्या पंगतीला बसवतोय, हे गहिनीनाथला कळलं. त्याहून वाईट हे, की त्या पंगतीला तो आधीच बसलेला होता.

संध्याकाळी तो घरी पोचला तर दारात ही गर्दी. काकासाहेबांच्या गड्यानं एक सबंध पोतं आणून ओसरीवर टाकलं होतं. पोराला पुण्याला जायचंय, चार घास अंगी लागू द्या, असा निरोप होता. राहीबाईनं तो निरोप ऐकला, पण तिला कळलं ते वेगळंच. तिच्या लेकानं सांगितलं, गोऱ्या बाईनं झापलं, काकासाहेब वठणीवर आला आणि पोतं दारात आलं. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी दारात. अख्ख्या आळीला तिनं हाक मारली होती. पोत्याचं तोंड सोडून ती मापट्यानं ज्याच्या त्याच्या ताटलीत सुकडी घालत होती आणि तिच्या तोंडाला खळ नव्हता. शेजारची छबूबाई हातात परात घेऊन उभी होती. गहिनीनाथला बघताच तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"लई गुणाचं पोर," ती म्हणाली. "आता रोज येनार व्हय रं आमाला? आमच्या घरची चार मानसं कामावं हायेत. सगळ्यांना येनार का?"

त्याला हो म्हणता आलं असतं. प्रश्न तसाच होता. आजवर होकार कधी वाया गेला नव्हता. आईच्या कपाळाला पिठाचा हात लागला होता आणि कित्येक महिन्यांत तो तिला इतकं बोलताना बघत होता. पण त्याच्यानं आता तो होकार गिळवेना आणि ओकवेनाही. स्वतःच्या तोंडाचीच त्याला इतकी घाण वाटायला लागली होती, की आणखी एक खोटा शब्द त्यात मावत नव्हता.

"म्या सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "रोज मिळतं म्हनून सांगितलं. म्हनून हे पोतं आलंय."

छबूबाईनं परात खाली घेतली. राहीबाईचं मापटं पोत्यातच राहिलं. तिनं पदराला हात पुसले, लेकाकडे नीट पाहिलं आणि एकच विचारलं. विचारताना तिचा आवाज इतका मवाळ होता, की आपल्याला सुटायला ती वाट करून देतेय हे त्याला समजलं.

"तुला त्ये इंग्रजीत सांगाया येत नव्हतं का, गैन्या?"



"येत हुतं," तो म्हणाला.

राहीबाईनं मान डोलावली. मग ती उठली आणि पोत्याचं तोंड बांधून तिनं ते छबूबाईच्या पायाशी सरकवलं. आळीत वाटून टाक म्हणाली. छबूबाई नको नको म्हणत होती, पण राहीबाईनं ते तिच्या डोक्यावर चढवलंच. बाया एकेक करून गेल्या. जाताना कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि शिव्याही घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक ताटली मात्र तिनं भरून ठेवली होती. ती तिनं त्याच्यापुढं ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि चुलीकडे वळून स्वतःसाठी मिलोचं पीठ मळायला घेतलं.

"खा," ती पाठमोरीच म्हणाली. "परीक्षा हाय तुला."

गहिनीनाथ ताटलीपुढं बसला. उठून ती भिंतीवर फेकावी असं त्याला वाटलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यानं एक घास घेतला. सुकडी ताजी होती. चांगली भाजलेली होती, गूळ सढळ होता आणि शोधूनही तिच्यात अळी सापडली नसती. त्यानं दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि आईच्या हाताखाली तुटत जाणाऱ्या भाकरीची थपथप ऐकत त्यानं ती ताटली चाटूनपुसून संपवली.